सात वाव पाण्याखाली

१४ नोव्हेंबर १९५७
तीन पोलकी, एक सदरा. काजं सौ.ने केली.
गलबत मुंबईला पोचलं नाही. दिवाळीनंतर पाच दिवसांनी कौलं भरून निघालं होतं. मध्ये तीन दिवस वादळ झालं. आमच्या आवाठातला गोपाळ त्यावर खलाशी आहे. यशोदाकाकीचा एकुलता एक. दुकानाच्या मागचं घर. लग्न होऊन दीड वर्ष झालंय. त्याची बायको शेवंती सकाळी दुकानावरून बंदराकडे गेली, दुपारी परत आली, संध्याकाळी पुन्हा गेली.

१९ नोव्हेंबर
विजयदुर्गाला फळ्या लागल्या. आमच्याच गलबताच्या म्हणतात. रंगावरून ओळखल्या.

२२ नोव्हेंबर
चारांपैकी तिघांची प्रेतं मिळाली, तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य, आणि दोन खलाशी. गोपाळ नाही.
गावकर म्हणजे गावचे मुख्य मानकरी. त्यांनी देवळाच्या पायरीवर बसून निवाडा दिला. "माणूस गावलो नाय म्हणजे मेलो असा नाय. बारा वर्सां वाट बघूची. तवसर कुकू रवात." यशोदाकाकी हो म्हणाली. शेवंती खांबाआड उभी होती. बारा वर्षं म्हणजे ती तेहतीस वर्षांची होईल. मी मनात हिशेब केला आणि घरी येऊन सौ.ला सांगितला. ती म्हणाली, "तुमका काय करूचे आसत नसते हिशेब."

८ डिसेंबर
गाणं झालं.
मच्छरदाणी शिवायला आली होती. लांब टीप असली की गाणं येतं, पाय एका लयीत पडतात. काजांवर कधी आलेलं आठवत नाही. आज तिसऱ्या बाजूच्या टिपेला आलं ते चौथी बाजू संपेपर्यंत पुरं झालं.

गोपाळ तांडेल निघालो गो, शिडाचो कपडो धवो,
बायल उभी बंदरार गो, हातात तिच्या दिवो.

मधली चार कडवी वेगळ्या पानावर. शेवट असा:

वारो सुटलो खालचो गो, डोलकाठी मोडली,
सात वाव पाण्याखाली गो, गोपाळान झोप काडली.

तो तांडेल नव्हता, खलाशी होता. खलाशी चालीत बसेना म्हणून बढती दिली. वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी खोली, आधी सहा केले होते, पण 'सा वाव' म्हणताना एक पाय रिकामा पडतो. सात केले. दिवा शेवंतीच्या हातात कधी नव्हता, ती दिवसाढवळ्या जाते. असो. चांगलं झालंय. गेल्या दोन वर्षांत असं झालेलं नाही.

१० डिसेंबर
संध्याकाळी इनास आला. सगळं आयुष्य आगबोटीवर काढलेला माणूस. माझं मेंडोलीन त्यानेच दिलं, कुठल्या बंदरात घेतलं ते दर वेळी वेगळं सांगतो. त्याला आणि सौ.ला गाणं म्हणून दाखवलं. सौ. डोळे पुसून उठून गेली. इनास म्हणाला, "गाणा बरा आसा. पण मेल्या, सात वावांत गलबत खंय बुडता? सात वाव म्हणजे किनारो. थय वीस-पंचवीस वाव पाणी."
म्हटलं, पंचवीस वाव चालीत बसवून दाखव.
हसला. चहा प्यायला आणि गेला.

२७ जानेवारी १९५८
मेंडो.ची वरची तार तुटली. तारा गोव्याहून यायच्या, पण पोर्तुगीज हद्द बंद झाल्यापासून ती वाट बंद. सायकलच्या ब्रेकची तार उलगडून एक पदर लावला. आवाज खरखरीत पण लागतो.

१६ मार्च
यशोदाकाकी आली. गाणं तिने कोणाकडून तरी ऐकलं होतं. म्हणाली, माझ्यासमोर म्हण. मला संकोच वाटला. पण म्हटलं. ती शेवटापर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "माझो झील तांडेल झालो मरे." आणि पदर तोंडाला लावून रडली. जाताना खिडकीत दोन शहाळी ठेवून गेली.
लोक माझी गाणी म्हणतात पण कोणाची म्हणून म्हणत नाहीत. विहिरीचं पाणी भरावं तशी भरून नेतात. आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे मागायला आलं. खूप बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१८ सप्टेंबर
चतुर्थी परवा झाली. दोन दिवस कामाला हात नाही. त्याआधी पंधरा दिवस झोप नव्हती, गावच्या सगळ्या पोरींना एकाच दिवशी नवी पोलकी हवी असतात.
फुगड्यांना सगळीकडे 'गोपाळ तांडेल'. आठ घरं फिरलो, आठही घरांत तेच. तुकारामच्या तिघी मुली पुढे. तुकाराम म्हणजे देवळातला अवसारी, ज्याच्या अंगात देव येतो तो. तो पडवीत सुपारी कातरत गुणगुणत होता. त्याला सूर नाही, पण शब्द पाठ.
यशोदाकाकीच्या घरी शेवंतीही फेरात होती. हिरव्या बांगड्या. सगळी कडवी म्हणाली. शेवटच्या कडव्याला हात सोडून पाणी आणायला आत गेली. बाकीच्यांनी फेर जुळवून घेतला.

२७ सप्टेंबर
आज देवळात होतो. नसतो तर बरं झालं असतं.
म्हाळ, म्हणजे पितृपक्ष, उद्यापासून. काकीचा प्रश्न होता, गोपाळचं पान वाढायचं की नाही. जिवंत माणसाचं पान वाढलं तर अभद्र, मेलेल्याचं नाही वाढलं तर तो उपाशी. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं. तुकारामच्या अंगात वारं आलं. घुमला, थरथरला, आणि काकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला,
"लेकरा, सात वाव पाण्याखाली तो झोप काडता. तेका उठव नको."
काकी खाली बसली. गावकर म्हणाले, "देवान सांगल्यान. झाला."
माझी ओळ. सात वाव. झोप काडता. मी इकडेतिकडे बघितलं. कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सगळ्यांना ती ओळ इतकी पाठ आहे की ती कुठून आली हे कोणी विचारत नाही.
शेवंतीने एकदा माझ्याकडे पाहिलं. की मला वाटलं.

२८ सप्टेंबर
तुकाराम लबाड नाही. त्याला मी लहानपणापासून ओळखतो. बारा दिवस मुली कानाशी तेच गात होत्या, दुसरं काय येणार तोंडातून. हे मी कोणाला सांगितलं तर देव खोटा असं म्हटल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर
सौ. जेवायला बोलावतेय.

२ ऑक्टोबर
गोपाळचा दर्भाचा पुतळा करून जाळला. भटजी मालवणाहून आले. बांगड्या फोडल्या. शेवंती रडली नाही, त्याचीच बायकांत जास्त चर्चा. मी गेलो नाही. मशीनला तेल दिलं.

८ ऑक्टोबर
काकी पांढरं कापड घेऊन आली. शेवंतीची दोन पोलकी. माप वहीत होतंच, लग्नाच्या वेळचं. तरी म्हटलं, नवीन माप घेऊ दे, बारीक झाली असेल. काकी म्हणाली, आता नेमक्या मापाची काय गरज. शिवली. दोन्ही ढगळ झाली असतील.

३० ऑक्टोबर
भात चांगलं वाळलं. पाऊस संपला.

११ जानेवारी १९५९
मुंबईचे एक गृहस्थ आले, जुनी गाणी गोळा करतात. पिंगुळीला चित्रकथी आणि बाहुल्या बघून इकडे. जाड वही, दोन पेनं, मऊ बोलणं. शाळेच्या गुरुजींनी माझ्याकडे पाठवलं. मी मेंडो.वर सात-आठ गाणी म्हटली. 'गोपाळ तांडेल'ला ते ताठ बसले. शेवटचं कडवं तीनदा म्हणवून घेतलं.
"हे निदान दीडशे वर्षांचं असेल. 'झोप काढणे' हा मृत्यूसाठीचा प्रयोग किती जुना आहे बघा."
म्हटलं, "हे मी केलं. मागच्याच्या मागच्या साली. मच्छरदाणी शिवताना."
ते हसले, अगदी प्रेमाने. "तुम्ही जपलंत, हेच मोठं." वहीत काहीतरी लिहिलं. मी तिरकं वाचलं. 'पारंपरिक. कवी अज्ञात.'
गोपाळ मागच्या घरात राहायचा, हेही सांगणार होतो. सांगितलं नाही. माणूस भला होता, त्याला दुखवावंसं वाटलं नाही. आणि खरं सांगायचं तर क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं. कवी अज्ञात, म्हणजे जबाबदार कोणी नाही.

१२ जानेवारी
रात्रभर तेच. सुटका वगैरे काही नाही.

५ फेब्रुवारी
आज सांगितलं. शेवंती काकीचं फाटलं लुगडं शिवायला घेऊन आली. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी मशीन थांबवून म्हटलं, देवळात जी ओळ आली ती माझी. गाण्यातली. मला काही माहीत नव्हतं, ना तेव्हा ना आता.
"माका ठावक आसा. मी तेवाच वळाकलंय."
मग, "पण दाजीनू, सात वाव तुमका कसे कळले? कोणी सांगल्यान?"
"कोणी नाय. सा वाव चालीत बसत नव्हते."
तिने लुगडं टेबलावर ठेवलं. सरळ केलं. घडी नव्हती तिथेही सरळ केलं.
"म्हणजे माझो घोव चालीत बसाक मेलो?"
लाज वाटली, इतकी की कानशिलं तापली.
"गावकरांका सांगा," म्हणाली. "बारा वर्सां माका दिल्यानी होती. ती परत होयी. घोव येवंदे नायतर येव नको, माझी वाट माका बघूक गावाक होयी."

९ फेब्रुवारी
जाणार होतो. गेलो नाही.

२० फेब्रुवारी
गावकर मालवणला गेलेत, असं ऐकलं. चौकशी केली नाही.

२५ मार्च
शिमगा. या दिवसांत असल्या गोष्टी काढू नयेत. हे मीच ठरवलं.

२ एप्रिल
शेवंती दुकानावरून जाते, आत बघत नाही. रागावली असती तर बरं. आज इनासला सगळं सांगितलं. म्हणाला, "मी तुका तेवाच सांगल्लंय, सात वावांत गलबत बुडणा नाय." जणू काय माझी चूक पाणी मोजण्यातच झाली.

११ मे
गेलो. सौ.ने ढकललं म्हणून. "गाणी करूक तोंड आसा, सांगूक नाय?" असं म्हणाली.
गावकरांच्या पडवीत ते आणि तुकाराम होते. दोघांसमोरच सांगितलं. ओळ माझी, मशीनवर सुचली, गोपाळबद्दल मला काही ठाऊक नाही, फुगडीत ऐकून ती तुकारामच्या तोंडी आली असावी. तुकाराम पांढरा पडला. "माका कायच आठवणा नाय, दाजी. अंगात इला की मी नसतंय थय." त्याचं खरं आहे.
गावकर खूप वेळ पानाला चुना लावत बसले. मग म्हणाले,
"म्हणजे देवान ती आदी तुझ्या तोंडात घातल्यान."
"नाय, मी केली."
"तू केलंस म्हणतंस. कशी केलंस? सांग बघू."
मी पाय, टीप, मच्छरदाणी सगळं सांगितलं. सा वाव, सात वाव.
"बग. तू सा करूक बघलंस, देवान तुका सात करूक लावल्यान. आनी काय होया?"
विचारलं, पुन्हा कौल लावाल का? म्हणाले, एकच प्रश्न देवाला दोनदा घालत नाहीत. ते मलाही माहीत होतं.
उठताना तुकारामने मला वाकून नमस्कार केला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा माणूस. मला पळून जावंसं वाटलं.

१२ मे
शेवंतीला दुकानाच्या मागल्या दारी सांगितलं. ऐकून घेतलं. "बरा," एवढंच म्हणाली. विहिरीवर गेली.

१९ जून
परब म्हशीचं विचारायला आला. चार दिवस झाले, म्हैस नाही. "दोन ओळी म्हण तिच्यार." मी त्याला हाकललं. जाताना वैतागून म्हटलं, बसली असेल पाणंदीत रवंथ करत, आणि काय.
म्हैस पाणंदीत सापडली. आता पाणंदीत नाही तर म्हैस कुठे असते?

२ जुलै
एक नथ, एक पोस्टातून न आलेली मनीऑर्डर आणि वेंगुर्ल्याला गेलेला एक जावई. तिघांनाही नाही म्हटलं. जावयाची सासू म्हणाली, "देवान दिलेला लपवू नये."
सौ. म्हणते, पोलकी शिवायला कमी लोक येतात आता, दबकतात. नवीन गाणं सहा महिने झालं नाही. मशीनवर बसलं की पाय चालतात, शब्द येत नाहीत. येऊ लागला की मीच थांबवतो.

१० सप्टेंबर
चतुर्थी. पोरींना विनवलं होतं, यंदा ते गाणं नको, मी दुसरं देतो. ऐकून घेतलं आणि आरतीनंतर पहिलं तेच धरलं, हात जोडून. पूर्वी गिरक्या घेत हसत म्हणायच्या. आता शेवटच्या कडव्याला फेर थांबवून मान खाली घालतात. मी एका घरी 'सात' ऐवजी 'किती' म्हणून बघितलं. तुकारामच्या थोरलीने मला सुधारलं. "दाजीकाका, चुकलात."
शेवंती फेरात नाही, अर्थात. मागच्या दारात उभी होती.

२९ नोव्हेंबर
गावपळणीचा कौल मिळाला. पुढच्या आठवड्यात तीन दिवस गाव रिकामा. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या सगळं वेशीबाहेर. देवाला गाव एकट्याला हवा असतो. मशीन नेता येत नाही. मेंडो. नेईन.

७ डिसेंबर
माळावर आलो. झावळ्यांची खोपटी. आमच्या शेजारी यशोदाकाकीचं खोपटं, पलीकडे तुकारामचं. इनास गावचाच, म्हणून तोही आला, आणि त्याने सगळ्यांत मोठं खोपटं बांधलं. सौ. एकदम तरुण झाल्यासारखी वागतेय. चूल उघड्यावर, वरून आभाळ. कोंबड्या कोणाच्या कोणाला कळत नाहीत.

८ डिसेंबर
संध्याकाळी सगळा गाव गोल करून बसला होता. अजून उजेड होता. आधी पोरांची गाणी, मग इनासने त्याच्या भाषेतलं एक म्हटलं. मग सगळे माझ्या मागे, 'गोपाळ तांडेल' म्हण. मेंडो. मांडीवर होतं, नाही कसं म्हणू. तार लावत होतो, तेवढ्यात शेवंती उभी राहिली. पांढऱ्या लुगड्यात, सगळ्या गावासमोर. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या माळाला ऐकू गेला.
"गावकरांनू, तुमी सांगल्यात देव ह्येंच्या तोंडात गाणा घालता."
गावकर म्हणाले, "होय."
"मगे गाणा अर्धा कसा? झोप काडल्यान, म्हणजे उठतलो की नाय? फुडचा कडवाय देवान ह्येंकाच सांगल्यान आसतला. ता म्हणूक सांगा."
कोणीतरी हसलं, लगेच थांबलं. काकी बसल्या जागी तिचा पदर ओढत होती. शेवंती हलली नाही. गावकरांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचेच शब्द होते, मागे घेता येईनात.
"फाल्या," म्हणाले. "फाल्या सांजेक म्हणतलो. परवा सकाळी देवाकडे गाव परत मागूचो, तेच्या आदी. आनी जा म्हणात ता गावान मानूचा."
म्हणजे उद्या बारा वर्षं. किंवा जन्मभर पांढरं. ते माझ्यावर.
सौ.ने जेवताना ताटात मासा दोनदा वाढला.

९ डिसेंबर, सकाळ
माळाच्या कडेला बसून लिहितोय. पायाखाली मशीन नाही, नुसतेच पाय हलवले. झालं, सहज झालं.

वारो पडलो दर्यार गो, शीड दिसता लांब,
गोपाळ येता घराकडे गो, शेवंत्ये वायच थांब.

चांगलं आहे. हीच भीती आहे. चांगलं झालं की लोक मानतात. उद्या तिला बांगड्या भरतील आणि ती बंदरावर उभी राहील, आणि मला गोपाळबद्दल गेल्या साली जेवढं कळत होतं त्यापेक्षा काडीभर जास्त कळत नाही.
'वायच' म्हणजे जरासं, पण किती? दहा वर्षं?
खरं कडवं एकच, मला माहीत नाही. चार तऱ्हांनी करून बघितलं. त्याला चाल लागत नाही. लागली तरी कोण म्हणेल?
पण ती घोव मागत नाहीच. फेब्रुवारीतच स्वच्छ म्हणाली होती. वाट बघायला मागतेय. मग ते मी देऊ शकतो की. एवढं एक कडवं. मी तिचं कुंकू पुसलं, चालीसाठी. आता निदान तिच्यासाठी खोटं बोलावं. सकाळपासून मन असं घट्ट झालंय.

दुपार
यशोदाकाकी आली. हातात काही नाही. चिंचेखाली माझ्या बाजूला बसली, जमिनीकडे बघत बोलली.
"आदी तो सपनात येय. भिजलेलो, उंबऱ्यार उभो रव्हा, पाणी मागी. पुतळो जाळलंय तेवापासून येणा नाय. माका बरा वाटला. झोपलो म्हटला, निजलो बापडो."
मग, "शेवंती माझी वैरीण नाय रे. तिचो जीव माका कळता. पण तू आज तो येता म्हटलंस तर मी काय केलंय ता सांग. मी जित्या झिलाक आग लावलंय."
मी तिचे हात धरले. आयुष्यात पहिल्यांदा. माझी आई वारली तेव्हा याच हातांनी मला पेज भरवली होती. काकी, मी काय म्हणू, असं विचारलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली.
मघाशी लिहिलेलं वाचलं. 'मन घट्ट' वगैरे.

संध्याकाळ
ऊन अजून माडांच्या शेंड्यावर आहे. माणसं जमतायत. इनास चटई टाकतोय, तुकाराम कोपऱ्यात डोळे मिटून. मुली कुजबुजतायत, नवं कडवं लगेच पाठ करायचं म्हणून. ते करतीलच. चतुर्थीला आठ घरांत होईल.
तार लावली. हात ओले झालेत, दोनदा धोतराला पुसले. मला अजून माहीत नाही मी काय म्हणणार. सहाव्या कडव्यापर्यंत माहीत आहे.
शेवंती पुढे बसलीय. काकी उशिरा आली, जागा नव्हती. शेवंतीने सरकून आपल्याशेजारी तिला बसवलं, तिच्या पाठीला आपला हात दिला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.
आता काकीच इकडे बघून सांगतेय, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दाजी, ये रे. आनी मोठ्यान म्हण. माका ह्या कानान कमी आयकाक येता."
जातो.